झोप नेमकी किती खोल?

एण्डोस्कोपी म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं आपण सगळेच म्हणतो. पण त्या दहा मिनिटांत आपल्या श्वासाकडे कोण बघत असतं? मी कधी विचारलं नव्हतं. अलोऱ्याच्या माझ्या बाबांनी विचारलं!

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. बॉसचा 'क्विक कॉल' पाऊण तास चाललेला आणि मोबाइलवर आईचे तीन मिस्ड कॉल. आमच्या घरचा साधा हिशेब आहे. एक मिस्ड कॉल म्हणजे 'जेवलीस का?', दोन म्हणजे कुणाचं तरी लग्न ठरलं. तीन म्हणजे जागेवरून उठायचं, जिन्यात जायचं आणि फोन लावायचा.

"बाबांना पोटात दुर्बीण घालायला सांगितलीय," आई म्हणाली. "आणि ते नाही म्हणतायत."

बाबा म्हणजे कोयना प्रकल्पातून रिटायर झालेले ऑपरेटर. उभी नोकरी पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात, कंट्रोल रूममधल्या मीटरसमोर. रिटायर झाल्यावर पुण्याला या म्हटलं तर "तिथे श्वास कोंडतो" म्हणून अलोऱ्यातच राहिले. वय ६८. गेले काही महिने गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खायचे, आम्हाला न सांगता. मग दम लागायला लागला. चिपळूणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. आडून आडून विचारल्यावर कबूल केलं की आठवड्यापूर्वी दोन दिवस शौचाला काळं झालं होतं. डॉक्टरांनी ताबडतोब औषध सुरू केलं आणि दोन दिवसांत एण्डोस्कोपी करून घ्या म्हणाले.

बाबा फोनवर आले. "दुर्बिणीचं काही नाही गं. पण ते भूल देणार म्हणतात. आमच्या खात्यातले एक जण असेच छोट्या ऑपरेशनला गेले, ते उठलेच नाहीत."

"काही नसतं हो बाबा," मी ऑफिसवाल्या कॉन्फिडन्सने म्हणाले. "मी नाही का केली? लंच ब्रेकमध्ये गेले, झोपले, उठले, आले!"

फोन ठेवला आणि माझं मलाच जाणवलं की मी अर्धंच सांगितलंय.

माझी लंच ब्रेकवाली एण्डोस्कोपी

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी मला सॉलिड ॲसिडिटी होती. आपल्या सगळ्यांनाच असते तशी, म्हणजे रात्री अकराची पिझ्झा डिलिव्हरी, दिवसाला पाच कॉफ्या आणि क्वार्टर एण्डचं टेन्शन. इन्शुरन्सवाल्यांच्या यादीतलं एक सेंटर शोधलं, हाफ डे टाकला आणि गेले. फॉर्मवर सही केली. वाचला नाही. आपण ॲप इन्स्टॉल करताना 'आय ॲग्री' दाबतो ना, तस्संच!

आदल्या रात्री टीमची पार्टी होती. घरी यायला दोन वाजले होते. हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उगाच कशाला इम्प्रेशन खराब?

हातातल्या सुईतून दुधासारखं पांढरं काहीतरी गेलं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम वेगळंच. कुणीतरी गालावर थापट्या मारतंय, तोंडावर मास्क आहे आणि सिस्टर ओरडतायत, "मॅडम, श्वास घ्या! मोठा श्वास घ्या!" घसा दुखत होता. एक डॉक्टर म्हणाले, "काही नाही, सॅच्युरेशन जरा डाउन झालं होतं. आता ओके."

तासाभराने मी रिक्षाने ऑफिसला परतले. एवढंच नाही, तर चारच्या कॉलला क्लायंटला चक्क एक तारीख कमिट केली, जी मला दुसऱ्या दिवशी अजिबात आठवत नव्हती! हा किस्सा मी पुढे कितीतरी पार्ट्यांमध्ये हशा पिकवत सांगितला.

पण आता प्रश्न माझ्या बाबांचा होता. 'जरा डाउन' म्हणजे किती? किती वेळ? आणि मी ऐन तिशीत असताना जे 'ओके' झालं, ते ६८ व्या वर्षी, रक्त कमी असताना होईल का? त्या रात्री पहिल्यांदा तो किस्सा मला विनोदी वाटला नाही.

घाटातला उतार

माझी शाळेतली एक मैत्रीण, आमच्या अलोऱ्याच्याच कॉलनीत वाढलेली, आता मुंबईत भूलतज्ज्ञ आहे. रात्री साडेदहाला तिला फोन लावला. तिने माझा किस्सा ऐकला आणि ती हसली नाही.

"तुला कुंभार्ली घाट आठवतो ना?" तिने विचारलं. न आठवायला काय झालं! पुण्याहून घरी जाताना उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, हेळवाक करत घाटमाथा गाठायचा आणि मग खाली कोकणात उतरायचं.

"सेडेशन म्हणजे तो उतार आहे. लोकांना वाटतं की तो जिना आहे. म्हणजे या पायरीवर गुंगी, त्या पायरीवर झोप आणि शेवटी पूर्ण भूल. पुस्तकात तशा चार पायऱ्या लिहिल्या आहेत. पण प्रत्यक्षात पायऱ्या नसतात, उतार असतो. गाडी मधल्या वळणावर थांबवायची म्हणून ब्रेक मारला तरी ती पुढे घसरू शकते."

तिने समजावून सांगितलेला फंडा असा. पहिल्या पातळीत माणूस नुसता सैलावलेला असतो, गप्पा मारतो. दुसऱ्या पातळीत डोळे मिटलेले, पण हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की नीट प्रतिसाद देतो. श्वास आपला आपण घेतो. तिसरी पातळी खोल गुंगीची. इथे पुन्हा पुन्हा हलवावं लागतं किंवा चिमटा काढावा लागतो, तेव्हा कुठे तो हलतो. इथे श्वासाची वाट बंद व्हायला लागते, कारण जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात. चौथी म्हणजे पूर्ण भूल. मग काहीही केलं तरी जाग नाही आणि श्वासाची जबाबदारी बहुतेक वेळा डॉक्टरांवर.

गंमत म्हणजे, तेच औषध त्याच डोसमध्ये दिलं तरी एक जण दुसऱ्या पातळीवर राहतो आणि दुसरा थेट चौथीत जातो. वय, वजन, लिव्हर, आधीची औषधं, आदल्या रात्रीची दारू, घोरणं, सगळ्याचा फरक पडतो. म्हणून नियम असा, की ज्या पातळीपर्यंत न्यायचं ठरवलंय, त्याच्या एक पातळी खाली पेशंट घसरला तर त्याला वर खेचता येईल असा माणूस आणि तशी साधनं त्या खोलीत हवीत.

"आणि ते पांढरं दूध?" मी विचारलं.

"प्रोपोफॉल," ती म्हणाली. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्या मिश्रणात विरघळवलेलं असतं म्हणून ते पांढरं दिसतं. जॉन ग्लेन या मूळच्या व्हेटर्नरी डॉक्टरने ते विकसित केलं आणि त्यासाठी त्याला २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते आणि थांबवलं की काही मिनिटांत जाग येते. डॉक्टर खूश, पेशंट खूश. पण एक मोठी अडचण आहे. मिडाझोलाम जास्त झालं तर फ्लुमॅझेनिल नावाचा उतारा आहे, फेन्टानिलला नॅलॉक्झोन आहे. प्रोपोफॉलला उताराच नाही! औषध उतरेपर्यंत कुणीतरी हनुवटी उचलून धरायची, मास्कने श्वास द्यायचा. मायकेल जॅक्सन २००९ मध्ये गेला तो याच औषधाने. त्याच्या घरी बेडरूममध्ये ते दिलं जात होतं आणि योग्य मॉनिटर तिथे नव्हता.

बोटावरचा चिमटा पुरतो का?

"पण ऑक्सिमीटर असतोच की," मी म्हणाले. कोविडनंतर आपण सगळेच ऑक्सिमीटरचे एक्स्पर्ट. २०२०-२१ मध्ये आमच्या अलोऱ्याच्या घरातसुद्धा साखरेच्या डब्याशेजारी तो ठेवलेला असायचा आणि बाबा दर चार तासांनी वहीत आकडा लिहायचे, ड्युटीवर असल्यासारखे.

या यंत्राचं मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. रक्तात ऑक्सिजन किती, हे बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून मोजायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये ते रुळलं १९८० च्या दशकात आणि भुलीखालचे असंख्य अपघात वेळीच लक्षात यायला लागले. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले, नेमकं सगळं जग त्यांचं यंत्र मेडिकलमध्ये शोधत होतं तेव्हा.

पण हे यंत्र ऑक्सिजन मोजतं, श्वास नाही. हा फरक मला त्या रात्री कळला. नाकात ऑक्सिजनची नळी लावलेल्या पेशंटचा श्वास समजा आत्ता थांबला, तर फुप्फुसातला साठा लगेच संपत नाही. बोटावरचा आकडा ९८, ९८, ९८ असाच दिसत राहतो. मिनिटभर, कधी त्याहून जास्त. आणि एकदा ९० च्या खाली गेला की मग घाटात ब्रेक फेल झाल्यासारखा धडाधड उतरतो. म्हणजे आकडा पडेपर्यंत घटना होऊन गेलेली असते. बाबांच्या भाषेत सांगायचं तर टाकीतलं पाणी संपल्यावर वाजणारी घंटा!

शिवाय यंत्राचे नखरे वेगळे. गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ऑक्सिमीटर 'सगळं ठीक' सांगत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. सावळ्या त्वचेच्या आपल्या देशात हे लक्षात ठेवायला हवं.

मग श्वास मोजायचा कसा? त्यासाठी कॅप्नोग्राफ. नाकाशी एक बारीक नळी लावतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ती सतत ओढून घेते आणि स्क्रीनवर एक रेघ काढते. श्वास सोडला की रेघ वर चढते, घेतला की खाली येते. एकसारखे चौकोनी डोंगर दिसत राहिले की सगळं आलबेल. श्वास थांबला की काही सेकंदांत रेघ सपाट! ऑक्सिमीटरला कळायच्या कितीतरी आधी. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०११ पासून आपल्या मानकांत मध्यम आणि खोल सेडेशनसाठी याचा समावेश केला.

तिसरं यंत्र जरा फॅन्सी आहे. कपाळावर एक पट्टी चिकटवतात. मेंदूच्या लहरी वाचून ती ० ते १०० असा एक आकडा देते. १०० च्या जवळ म्हणजे टक्क जागा, ४० ते ६० म्हणजे पूर्ण भुलीतली झोप. बिस म्हणतात त्याला. मोठ्या ऑपरेशनांत ते वापरतात, पण एण्डोस्कोपीत त्याने सुरक्षितता नक्की वाढते का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आकडा थोडा उशिराच येतो आणि एण्डोस्कोपी तर दहा मिनिटांत आटोपलेली असते.

आणि चौथं 'यंत्र' सगळ्यात स्वस्त! माणूस. दर काही मिनिटांनी नावाने हाक मारायची. साध्या आवाजात लगेच ओ दिली तर ५ मार्क. सुस्तावून दिली तर ४. मोठ्याने किंवा पुन्हा पुन्हा हाक मारावी लागली तर ३. हलवल्यावरच जाग आली तर २. खांद्याजवळचा स्नायू दाबून दुखवल्यावरच हालचाल झाली तर १. काहीच नाही तर ०. एण्डोस्कोपीसाठी सहसा ३-४ च्या आसपास पुरतं. म्हणजे मी त्या दिवशी शून्यावर होते की काय, कोण जाणे!

हैदराबाद ते न्यूयॉर्क

श्वास बघायचा की नाडी, हे भांडण फार जुनं आहे, आणि ते आपल्या शेजारीच रंगलं होतं. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजामाच्या मदतीने दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. (तेव्हा आपला मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता.) तिथल्या डॉ. एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं ठाम होतं. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो आधी श्वास थांबल्याने, म्हणून नजर श्वासावर ठेवा. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले, लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले, 'लॅन्सेट'मध्ये वाद झडले. त्याच काळात हैदराबादला शिकणारी रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी क्लोरोफॉर्म द्यायला शिकली. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये तिचं नाव घेतात. आहे की नाही कमाल?

पुढे १९११ मध्ये लंडनच्या डॉ. लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्मखाली हृदयही अचानक बिघडू शकतं. म्हणजे लॉरी अर्धे बरोबर होते. श्वास बघायचाच आणि हृदयही. एकावर भागत नाही.

आता २०१४ मध्ये या. न्यूयॉर्क. अमेरिकेतली प्रसिद्ध विनोदी कलाकार जोन रिव्हर्स, वय ८१. २८ ऑगस्टला एका क्लिनिकमध्ये आवाज आणि पोटाच्या तक्रारीसाठी घसा तपासून एण्डोस्कोपी करायला गेली. प्रोपोफॉल दिलं. ऑक्सिजन कमी पडला, हृदय थांबलं, मेंदूला इजा झाली. ४ सप्टेंबरला ती गेली. नंतर सरकारी तपासणीत निघालेल्या गोष्टी वाचून अंगावर काटा येतो. औषध देण्याआधी तिचं वजनच नोंदवलेलं नव्हतं. नाडी आणि रक्तदाब घसरत होते ते वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि गुंगीत असलेल्या त्या बाईचा खोलीत मोबाइलवर फोटो काढला गेला होता! मशिनं होती. वेळेत बघितलं गेलं नाही.

"मीटर कोण बघणार?"

शनिवारी पहाटे निघाले आणि दुपारी अलोऱ्यात. बाबांना गाडीत घातलं आणि चिपळूणच्या डॉक्टरांकडे गेलो. छोटा दवाखाना, पण माणूस लाख मोलाचा. मी माझी प्रश्नांची यादी काढली तर ते चिडतील असं वाटलं होतं. उलट म्हणाले, "विचारा की! पुण्याहून लोक येतात ते फक्त 'किती वेळ लागेल' एवढंच विचारतात."

त्यांनी बाबांना तोंड उघडायला लावलं, मान मोजली आणि विचारलं, "घोरता का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"अहो, खोटं काय बोलताय!" आई उसळली. "भिंत हलते. आणि मध्येच थांबतात. मी मोजते, एक, दोन, तीन... मग दचकून श्वास घेतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. झोपेत श्वास अडकणं म्हणजे स्लीप ॲप्निया असू शकतो, आणि अशा माणसाचा घसा गुंगीत आणखी लवकर मिटतो, हे त्यांनी समजावलं. मग सरळ म्हणाले, "माझ्याकडे दोन मार्ग आहेत. घशात सुन्न करणारा स्प्रे मारून, भूल न देता दुर्बीण घालायची. आपल्याकडे कितीतरी लोक तशीच करून घेतात, पाच मिनिटं त्रास होतो. पण यांना अल्सर असेल आणि आत काही करावं लागलं, क्लिप लावावी लागली, तर स्थिर झोपावं लागेल. तेव्हा गुंगी हवी. आणि गुंगी द्यायची तर माझ्याकडे बोटाचं मशीन आहे, श्वासाचं नाही. इथे करू नका. कराडला जा."

बिझनेस सोडून देणारा माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय. त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

रविवारी पहाटे पुन्हा कुंभार्ली घाट, या वेळी उलटा. बाबा उपाशी, पाणीसुद्धा ठरलेल्या वेळेपर्यंतच. वाटेत गप्प होते. कराडच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. तरुण, माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी वजन घेतलं, औषधं लिहून घेतली, गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा बघितली. सगळं झाल्यावर बाबांनी गळ्याशी अडकलेला प्रश्न विचारला.

"मॅडम, तुमच्याकडे मशिनं चांगली आहेत, दिसतंय. पण ते डॉक्टर दुर्बिणीच्या टीव्हीकडे बघणार. सिस्टर त्यांना सामान देणार. मग मीटर कोण बघणार?"

मॅडम थांबल्या. "काका, मी. त्या वेळात मला दुसरं कामच नाही."

"दुसरं काही नाही? फोन वगैरे?"

"फोन बाहेर ठेवते."

बाबांनी मान हलवली. "मग झालं. आमच्याकडेही तेच होतं. फ्रिक्वेन्सीचा काटा ५० वरून हलला तर तो हलताना बघायचा असतो. हलून झाल्यावर बघून उपयोग नाही."

इतकी वर्षं बाबा पोफळीला नक्की काय करायचे, ते मला त्या क्षणी कळलं.

दोनदा सपाट

बाहेरच्या बाकावर आई आणि मी. आई स्तोत्र पुटपुटत होती, मी मेल बघायचं नाटक करत होते. पंचवीस मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या.

"झालं. जठरात अल्सर आहे, रक्त थांबलेलं आहे. तुकडा तपासायला घेतलाय. काका जागे होतायत."

"काही त्रास?" मी विचारलं.

"दोनदा रेघ सपाट झाली," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "जीभ मागे पडली. हनुवटी उचलली, औषध थांबवलं, श्वास परत सुरू. तेव्हा बोटाचा आकडा ९८ च होता."

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. बोटावर ९८, आणि माझे बाबा श्वास घेत नव्हते. फक्त बोटाचा चिमटा असता, तर कळेपर्यंत किती वेळ गेला असता? माझ्या वेळी किती गेला होता? 'जरा डाउन' म्हणजे काय, याचं उत्तर मला माझं नाही, पण बाबांचं मिळालं.

आत गेलो. बाबांचे डोळे अर्धवट उघडे. मला बघून जड जिभेने म्हणाले, "काटा हलला का गं?"

"दोनदा हलला. बघितला त्यांनी."

"हं," म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

रिपोर्टमध्ये पुढे जंतूंचं इन्फेक्शनही निघालं. गुडघ्याच्या गोळ्या बंद, दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स सुरू. सोपं होतं, बरं होण्यासारखं होतं.

त्या रात्री अलोऱ्यात आम्ही तिघं पुढच्या खोलीत झोपलो. बाबा घोरायला लागले. नेहमीसारखी भिंत हलली. आणि मग मध्येच एकदम शांत झालं. अंधारात आई आणि मी, दोघीही जाग्या. एक, दोन, तीन, चार... तेरापर्यंत मोजलं. मग बाबांनी दचकून मोठा श्वास घेतला. आईने सुस्कारा टाकला आणि कुशीवर वळली. इतकी वर्षं ती एकटीच हे मोजत आली होती, आणि आम्ही तिला 'तुला उगाच झोप लागत नाही' म्हणायचो.

सोमवारी मी सुट्टी वाढवली. बॉसला मेल टाकला आणि बाबांच्या स्लीप स्टडीची अपॉइंटमेंट घेतली.

जाण्याआधी हे विचारा

• गुंगी कोण देणार? आणि त्या वेळात त्यांचं दुसरं काही काम असेल का?

• बोटाच्या मशीनबरोबर श्वासाचं, म्हणजे कॅप्नोग्राफ आहे का? खोलीत ऑक्सिजन, सक्शन, श्वास देण्याची बॅग आणि लाइट गेली तर बॅटरी आहे का?

• माझ्यासाठी किती खोल गुंगी ठरवलीय? नुसत्या स्प्रेवर भागेल का?

आणि हे स्वतःहून सांगा

• घोरता का, झोपेत श्वास अडकतो का? हे स्वतःला विचारू नका, शेजारी झोपणाऱ्याला विचारा!

• आदल्या दिवशी किती प्यायलात, सिगरेट, इतर नशा. लाजू नका, डॉक्टर तुमच्या एचआरला कळवणार नाहीत.

• चालू असलेली सगळी औषधं. वजन कमी करण्याची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेत असाल तर नक्की सांगा, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं.

• कशाकशाची ॲलर्जी आहे आणि आधी कधी भुलीचा त्रास झालाय का.

त्या दिवशी

• साधारणपणे सहा तास आधीपासून खाणं बंद, दोन तास आधीपासून पाणीही बंद. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

• नेलपॉलिश काढून जा.

• घरचं माणूस बरोबर न्या. नंतर चोवीस तास गाडी चालवणं, दारू आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या बंद.

• आणि प्लीज, चारच्या कॉलला क्लायंटला तारीख देऊ नका. माझ्यावर विश्वास ठेवा!